स्कॅनची पीडीएफ छापायला देताना अनुस्वार कुठे हरवतो

सीमाभागातल्या एखाद्या वाचनालयाचा किंवा मंडळाचा सुवर्णमहोत्सव ठरला की पहिली शोधाशोध जुन्या स्मरणिकेची होते. येळ्ळूर असो, उचगाव असो की निपाणी, कुणाच्या तरी माळ्यावर एखादी प्रत निघतेच. ती झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन होते, पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरते आणि ठरतं की हीच पुन्हा छापायची. प्रेसमधला डीटीपीवाला फाइल उघडून सांगतो, 'अशी चालणार नाही, टिफ करून आणा.' मग एखाद्या फुकट संकेतस्थळावर पीडीएफ टाकून टिफ, म्हणजे तपशील न गमावणारी चित्रफाइल, करून आणली जाते. छापून हातात येते तेव्हा 'संबंध'चा 'सबध' झालेला असतो, शिरोरेषा तुटलेल्या असतात आणि संस्थापकांच्या फोटोवर विचित्र जाळी पडलेली असते.

पीडीएफचं टिफ करायला एक बटण पुरतं. छापता येईल असं टिफ करायचं तर चार-पाच निर्णय घ्यावे लागतात, आणि आपण घेतले नाहीत तर सॉफ्टवेअर न विचारता ते घेऊन टाकतं. अनुस्वार तिथेच हरवतो.

पाकीट आणि आतला फोटो

स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये अक्षरं नसतात. प्रत्येक पानाचा एक फोटो असतो आणि पीडीएफ हे त्या फोटोंचं पाकीट. पाकिटावर 'ए४' लिहिलेलं असलं तरी आतला फोटो केवढा आहे हे त्यावरून कळत नाही. तो मोजावा लागतो, तोही पट्टी हातात घेऊन.

समजा जुनी स्मरणिका डेमी आकाराची आहे, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. स्कॅनमध्ये तिच्या पानाने व्यापलेली जागा ११०० बाय १७०० पिक्सेल भरली. ११०० भागिले साडेपाच म्हणजे इंचाला २०० पिक्सेल. हे झालं खरं रिझोल्यूशन. मशीनच्या पडद्यावर ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, दिसलं असेल, पीडीएफच्या माहितीत ६०० लिहिलेलं असेल. छपाईला उपयोगी पडणार ते हे २००. फाइलमधला डीपीआयचा आकडा ही नुसती चिठ्ठी असते. चिठ्ठीवर ७२ खोडून ६०० लिहिलं म्हणून एकही पिक्सेल वाढत नाही, पान फक्त लहान आकाराचं समजलं जातं.

आतल्या फोटोचे पिक्सेल बघायला पॉप्लर नावाच्या मोफत संचातलं 'पीडीएफ-इमेजेस' हे साधन सगळ्यात सरळ. त्याला 'लिस्ट' हा पर्याय दिला की पानागणिक चित्राची रुंदी, उंची, रंगाचा प्रकार, दाबण्याची पद्धत आणि पानाच्या मापाने निघणारं रिझोल्यूशन अशी यादी येते. शेवटचा आकडा पाकिटावरच्या मापाने काढलेला असतो, म्हणून पट्टीचा हिशेब तरीही करायचाच.

आकडा हातात आला की पुढचं ठरतं. काळापांढरा मजकूर छापायला मूळ आकारात ६०० पिक्सेल प्रति इंच हवेत. फोटोला ३०० पुरतात. ग्रेस्केल, म्हणजे राखाडीच्या मधल्या छटा ठेवणारा स्कॅन ३०० चा असेल तर त्यातून चांगला मजकूर काढता येतो, कसा ते पुढे येईल. २०० चा असेल तर मोठ्या टायपातला मजकूर निभावून जातो, बारीक टायपातला नाही. १५० किंवा त्याखाली असेल तर खटपट करू नये. मूळ प्रत मिळत असेल तर पुन्हा स्कॅन करावी, मिळत नसेल तर मजकूर नव्याने टाइप करून घ्यावा. चाळीस पानं टाइप करायला लागणारे दिवस वाचवण्यासाठी न वाचता येणारी पाचशे पुस्तकं छापणं हा तोट्याचा सौदा आहे.

बाहेर काढायचं की नव्याने रेखाटायचं

पीडीएफमधून पानं मिळवण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली, आतला फोटो आहे तसा बाहेर काढणं. दुसरी, पूर्ण पान ठरावीक रिझोल्यूशनवर नव्याने रेखाटून घेणं. फुकट कन्व्हर्टर बहुतेक दुसरी वाट धरतात आणि रिझोल्यूशन स्वतःच ठरवतात. इमेजमॅजिक या प्रसिद्ध साधनाला डेन्सिटी, म्हणजे रिझोल्यूशन, सांगितली नाही तर ते पीडीएफ ७२ वर रेखाटतं, आणि सांगताना ती फाइलच्या नावाआधी सांगावी लागते. नंतर सांगितली तर पान ७२ वरच वाचलं जातं आणि वर ३०० ची चिठ्ठी लागते. पॉप्लरमधलं रेखाटणारं साधन न सांगता १५० धरतं. '३०० डीपीआय टिफ' म्हणून आलेली फाइल मोठी केल्यावर चौकोन चौकोन दिसतात, त्यामागचं नेहमीचं कारण हे.

साध्या स्कॅनसाठी पहिली वाट बरी. 'पीडीएफ-इमेजेस'ला 'ऑल' हा पर्याय दिला की फोटो मूळ रूपातच बाहेर येतात, एकदाही नव्याने दाबले जात नाहीत. दोन अडचणी येऊ शकतात. पान पीडीएफमध्ये फिरवून सरळ दाखवलेलं असेल तर बाहेर आलेला फोटो आडवाच येतो. आणि काळापांढरा स्कॅन कधी कधी उलटा, म्हणजे काळ्यावर पांढरी अक्षरं असा येतो. दोन्ही गोष्टी निरुपद्रवी. फिरवायचं, उलटवायचं.

काही पीडीएफमध्ये मात्र एका पानाचे तीन तुकडे असतात: अक्षरांचा एक थर, कागदाच्या रंगाचा दुसरा, शाईच्या रंगाचा तिसरा. फाइल लहान ठेवण्यासाठी ही युक्ती करतात आणि ऑनलाइन ग्रंथसंग्रहांतल्या पीडीएफमध्ये ती सर्रास दिसते. यादीत एका पानासमोर दोन-तीन चित्रं दिसली की ओळखावं. अशा वेळी पूर्ण पान घोस्टस्क्रिप्ट या मोफत साधनाने रेखाटावं, आणि यादीत अक्षरांच्या थराचं जे रिझोल्यूशन दिसेल तेच द्यावं. त्यापेक्षा कमी दिलं तर तपशील जातो.

फोटो पहिल्यापासून जेपीजी असेल तर त्यातली खराबी टिफ केल्याने जात नाही. अक्षरांभोवती राखाडी धूर दिसतो ना, तो जेपीजीचा. टिफ एवढंच करतं की यापुढे आणखी खराबी होऊ देत नाही. साफसफाईत फाइल दहा वेळा जतन होते, प्रत्येक वेळी जेपीजी केली तर धूर वाढत जातो. म्हणून पहिल्या मिनिटाला टिफ करायचं आणि शेवटपर्यंत टिफमध्येच काम करायचं. पीएनजीही माहिती गमावत नाही, पण त्यात छपाईचे चार रंग ठेवता येत नाहीत.

शुद्ध काळा की राखाडी

बहुतेकांचा घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून बघू.

ऑफसेट मशीनला राखाडी रंग छापताच येत नाही. तिच्याकडे काळी शाई आहे आणि कोरा कागद. राखाडी दाखवायचा तर प्लेटवर लहानमोठ्या ठिपक्यांची जाळी करावी लागते. चांगल्या कागदाला इंचात १५० ओळींची जाळी वापरतात, म्हणजे एक ठिपका बसतो ०.१७ मिलिमीटरच्या घरात. आता दहा पॉइंटच्या देवनागरी टायपातला अनुस्वार घ्या. त्याचा व्यास जेमतेम अर्धा मिलिमीटर. पान राखाडी फाइल म्हणून प्रेसला दिलं तर त्या अनुस्वाराच्या रुंदीत जाळीची फक्त तीन घरं बसतात. गोल टिंबाऐवजी तीन ठिपक्यांचा कुरतडलेला पुंजका छापला जातो. वर्तमानपत्री कागदावर जाळी आणखी जाड असते, तिथे दोनच घरं. छापलेलं पान भिंगाखाली धरलं तर सगळ्या अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसतात, आणि कागदाचा पिवळेपणाही बारीक ठिपक्यांच्या रूपात पानभर पसरलेला असतो.

तेच पान शुद्ध काळं-पांढरं, म्हणजे एक बिटाचं टिफ म्हणून दिलं तर जाळीचा प्रश्नच उरत नाही. पिक्सेल काळा असेल तिथे प्लेटवर शाई, नसेल तिथे कोरं. पण मधल्या छटा नसल्याने कडा गुळगुळीत दिसायला पिक्सेल बारीक लागतात, म्हणून ६००. तोच अर्धा मिलिमीटरचा अनुस्वार ६०० वर १२ पिक्सेल रुंद असतो आणि गोल दिसतो. ३०० वर ६ पिक्सेल, चौकोनाकडे झुकलेला. १५० वर ३ पिक्सेल. तीन पिक्सेलचं टिंब आणि तीन पिक्सेलचा धुळीचा कण यांत कुठलंही सॉफ्टवेअर फरक करू शकत नाही.

फाइलचा आकारही याच बाजूने बोलतो. डेमी पान ६०० वर ३३०० बाय ५१०० पिक्सेल होतं. ग्रेस्केलमध्ये ते सुमारे १७ एमबी, एक बिटात न दाबता २ एमबी. एक बिटाच्या टिफला 'ग्रुप ४' ही दाबण्याची पद्धत लावली तर स्वच्छ मजकुराचं पान बहुधा २०० केबीच्या आत बसतं आणि एकही पिक्सेल बदलत नाही. फॅक्सच्या जमान्यातली ही पद्धत मजकुरासाठी आजही उत्तम आहे. ग्रेस्केल आणि रंगीत टिफला 'एलझेडडब्ल्यू' वापरावी.

तेव्हा ठरवायचं असं की मजकूर एक बिट, ६०० वर. फोटो ग्रेस्केल, ३०० वर. आणि एकाच पानात दोन्ही असतील तर ते वेगळे ठेवून डीटीपीमध्ये जुळवायचे. पान फोडायची मेहनत नको असेल तर पूर्ण पान ६०० च्या ग्रेस्केलमध्ये ठेवून मजकुराचा भाग शुद्ध काळा-पांढरा करायचा आणि फोटोचा भाग तसाच राहू द्यायचा. स्कॅन टेलर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'मिक्स्ड' नावाचा पर्याय नेमकं हेच करतो.

तीनशेतून सहाशे

हाताशी ३०० चा ग्रेस्केल स्कॅन असेल तर वाया गेलं असं नाही. पिक्सेल नव्याने निर्माण होत नाहीत हे खरं, पण ग्रेस्केलमध्ये अक्षराच्या कडेला जो राखाडी पिक्सेल असतो तो सांगत असतो की कड या चौकोनाच्या मधून कुठून तरी गेली आहे. पान आधी दुप्पट मोठं केलं, ६०० वर नेलं, आणि मग काळं-पांढरं केलं, तर ही माहिती वापरली जाते आणि कडा पुष्कळ गुळगुळीत येतात. क्रम उलटा केला, म्हणजे ३०० वरच काळं-पांढरं करून नंतर मोठं केलं, तर पायऱ्या पडतात आणि त्या कायमच्या. दुकानदाराने सुरुवातीलाच 'ब्लॅक अँड व्हाइट' निवडून स्कॅन केलं असेल तर ही माहिती स्कॅनरमध्येच फेकली गेली. दुकानात पान देताना 'कलर किंवा ग्रे करा' एवढं सांगितलं तरी पुढचं निम्मं काम वाचतं.

डाग काढताना

बेळगाव जिल्ह्यात कागदाचे हाल दोन तऱ्हांनी होतात. खानापूरकडच्या पावसाळी पट्ट्यात कागद ओल धरतो, लाटा येतात, बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात. अथणीकडच्या कोरड्या भागात तोच आम्लयुक्त कागद पिवळा पडून कडक होतो आणि घडीवर तुटतो. १९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव झाला. त्या काळातले अंक, पत्रकं आज हातात धरली तर बहुधा पानाची कड चहाच्या रंगाची आणि मध्य त्याहून फिका दिसेल.

असं पान काळं-पांढरं करताना किती गडद म्हणजे काळं याची एकच सीमारेषा सगळ्या पानाला लावली की कडेला काळा ढग येतो किंवा मधली अक्षरं उडतात. सीमारेषा खाली आणली की ढग जातो, पण त्याबरोबर बारीक मात्रा आणि शिरोरेषाही जातात. इलाज असा की स्कॅन रंगीत करायचा आणि ग्रेस्केल करताना त्यातल्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी फक्त लाल थर, म्हणजे लाल चॅनल घ्यायचा. पिवळा आणि तपकिरी रंग लाल चॅनलमध्ये जवळजवळ पांढरे दिसतात, काळी शाई काळीच राहते. गिम्प या मोफत चित्रसंपादकात रंग सुटे करण्याची आज्ञा दिली की तिन्ही चॅनल वेगळे मिळतात. निम्मी घाण तिथेच जाते. त्यानंतर स्थानिक उजेडाप्रमाणे सीमारेषा ठरवणारी पद्धत वापरायची. सावोला या नावाची पद्धत जुन्या कागदाला चांगली लागू पडते आणि स्कॅन टेलरच्या 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीत ती आहे.

लाल चॅनलची एक जोखीम आहे. लाल शाईचा शिक्का, लाल अधोरेखा, लाल शेरा, सगळं त्यात नाहीसं होतं. शिक्क्याखालचं अक्षर वाचायचं असेल तर हे वरदान. शिक्काच महत्त्वाचा असेल तर अशा पानाला ही युक्ती लावू नये.

डाग पुसण्याचं 'डीस्पेकल' हे बटण देवनागरीच्या बाबतीत सगळ्यात धोकादायक. ते ठरावीक मापाखालचे सुटे काळे ठिपके पुसतं, आणि आपले अनुस्वार, नुक्ते, विसर्गाची टिंबं हे सुटे काळे ठिपकेच असतात. इंग्रजीत 'आय'वरचं टिंब गेलं तरी शब्द वाचता येतो. मराठीत 'मंद'चा 'मद' होतो, 'वंश'चा 'वश' होतो आणि वाचणाऱ्याला चूक झाल्याची शंकाही येत नाही. कन्नड अक्षरांत अनुस्वार हे पूर्ण आकाराचं वर्तुळ असतं, त्यामुळे स्मरणिकेतल्या कन्नड जाहिराती या बटणातून सुखरूप बाहेर येतात आणि शेजारचा मराठी लेख लुळा होतो. जाहिरात बघून 'पान छान साफ झालं' असं ठरवू नये. स्कॅन टेलरमध्ये डीस्पेकल बंद ठेवावं किंवा सगळ्यात सौम्य पायरीवर ठेवावं, आणि काय काय पुसलं गेलं ते त्याच्या वेगळ्या टॅबमध्ये पान दर पान बघावं. उरलेले डाग ब्रशने हाताने पुसावेत. शंभर पानांना दोन दिवस जातात, ते जाऊ द्यावेत.

स्कॅन टेलरमध्ये कामाचा क्रम ठरलेला आहे. पानाची दिशा, जोडपान असेल तर दोन भाग, तिरकेपणा, मजकुराची चौकट, समास आणि शेवटी टिफ. चौकट तो आपोआप काढतो, पण पान क्रमांक आणि तळटीप हमखास बाहेर ठेवतो, म्हणून प्रत्येक पानाची चौकट डोळ्यांनी तपासावी. मिक्स्ड प्रकारात फोटोचा भागही तो स्वतः ओळखतो आणि कधी फोटोतला पांढरा सदरा मजकूर समजून उडवतो. फोटोभोवती हाताने चौकोन आखून द्यावा.

छापलेल्या फोटोवरची जाळी

जुन्या स्मरणिकेतला फोटो हा आधीच ठिपक्यांच्या जाळीतून छापलेला असतो. आपण तो स्कॅन करतो, प्रेस त्यावर दुसरी जाळी टाकते. दोन जाळ्या एकमेकींवर आल्या की लाटा दिसतात, दोन मच्छरदाण्या एकावर एक धरल्यासारख्या. त्यासाठी फोटो ६०० वर ग्रेस्केलमध्ये स्कॅन करायचा, मूळ ठिपके दिसेनासे होतील इतपतच गॉशियन ब्लर द्यायचा, मग आकार ३०० वर आणायचा आणि शेवटी थोडी धार द्यायची. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'डीस्क्रीन' पर्याय असतो, तोही हेच करतो. तो फक्त फोटोला लावावा. मजकुराला लावला तर अक्षरं मऊ पडतात. मूळ फोटो कुणाच्या अल्बममध्ये मिळत असेल तर मात्र ही सगळी खटपट सोडून तो आणावा.

मॅपलिथो या चकाकी नसलेल्या कागदावर शाई पसरते आणि फोटो पडद्यावर दिसतो त्याहून गडद छापला जातो. म्हणून गडद भाग ९५ टक्क्यांच्या वर आणि पांढरा भाग ३ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये, आणि मधल्या छटा थोड्या उजळ कराव्यात. किती, ते प्रेसला विचारावं; त्यांना त्यांची मशीन माहीत असते.

रंगीत पानं

मुखपृष्ठ सोडलं तर रंगाची गरज बहुधा नसते. असेल तर स्कॅनरचे तीन रंग छपाईच्या चार रंगांत बदलावे लागतात, आणि कुठल्या प्रोफाइलने, म्हणजे रंग बदलण्याच्या कुठल्या तक्त्याने, ते प्रेस सांगेल. आर्ट पेपरवर चारही शाया मिळून ३०० टक्क्यांच्या आत ठेवाव्यात, वर्तमानपत्री कागदावर २४० च्या आत, नाहीतर शाई सुकत नाही आणि मागच्या पानाला लागते. मुखपृष्ठाची प्रतिमा कापण्याच्या रेषेबाहेर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त हवी. ३०० वर ते ३५ पिक्सेल होतात.

काळा मजकूर रंगीत फाइलमध्ये राहू देणं ही इथली मोठी चूक. रूपांतर करताना काळा रंग निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चारही शायांत वाटला जातो. चार प्लेट केसभर सरकल्या तरी अक्षराला रंगीत सावली येते आणि बारीक मात्रा पुसट होतात. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर असायला हवा. आतली पानं एक बिटात ठेवली तर हा प्रश्न आपोआप सुटतो.

आकडे बदलतात तेव्हा

काही स्कॅनर आणि कॉपियर फाइल लहान करण्यासाठी 'जेबिग२' पद्धत वापरतात. तिच्या एका प्रकारात एकसारखी दिसणारी अक्षरं शोधली जातात, एकच नमुना ठेवला जातो आणि तोच सगळीकडे चिकटवला जातो. २०१३ मध्ये जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांनी इमारतीच्या नकाशातले खोल्यांच्या क्षेत्रफळाचे आकडेच बदलले होते. वेगवेगळ्या खोल्यांवर १४.१३, २१.११ आणि १७.४२ असे आकडे होते, स्कॅनमध्ये तिन्ही ठिकाणी १४.१३ आलं. अक्षर फाटलेलं, पुसटलेलं काहीच दिसत नव्हतं. स्वच्छ, सुबक आणि चुकीचं. कंपनीने नंतर दुरुस्ती दिली.

उताऱ्यावरचे एकर-गुंठे, सर्वे नंबर, स्मरणिकेतल्या देणगीदारांच्या रकमा यांना हा धोका लागू आहे, कारण लहान टायपात १ आणि ९, ५ आणि ६ जवळचे दिसतात. 'पीडीएफ-इमेजेस'च्या यादीत जेबिग२ दिसलं तर आकडे मूळ कागदाशी एकेक करून ताडून बघावेत.

मोडी आणि सरकारी कागद

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे अनेक घरांत मराठीतले दस्त आणि त्याआधीचे मोडी कागद आहेत. ग्रंथात किंवा स्मरणिकेत छापायचे असतील तर त्यांना एक बिट करू नये. मोडीत बोरूची जाड-बारीक रेघ, शाईचा ओसरता दाब आणि शब्द न तोडता चाललेली ओळ यांवरच वाचन अवलंबून असतं, आणि काळं-पांढरं करताना पहिली जाते ती बारीक रेघ. असे कागद रंगीत किंवा ग्रेस्केलमध्ये, शक्य तितक्या मोठ्या आकारात छापावेत.

जुने दस्त फुलस्केप कागदावर असतात आणि तो ए४ पेक्षा लांब. ए४ काचेवर ठेवला की तळाचा भाग बाहेर राहतो, आणि सही, साक्षीदार, शिक्का तिथेच असतात. दोन भागांत स्कॅन करून जोडावं. स्कॅनरचा आपोआप उजेड जुळवण्याचा पर्याय बंद ठेवावा, नाहीतर दोन भागांची छटा जुळत नाही.

पुन्हा स्कॅन करायची संधी मिळाली तर

मजकूर ६०० वर ग्रेस्केल, डागाळलेला असेल तर रंगीत. जतन टिफमध्ये, थेट पीडीएफमध्ये नाही. पातळ कागदाच्या मागची छपाई पुढे दिसत असेल तर पानामागे काळा कागद ठेवावा. सगळं पान थोडं गडद होतं, पण मागची अक्षरं विरतात. बांधलेल्या पुस्तकाला सपाट, स्वस्त स्कॅनर चालत नाही. त्यातल्या सीआयएस सेन्सरला काचेपासून दोन-चार मिलिमीटर उचललेलं पान धूसर दिसतं, म्हणून शिवणीजवळच्या ओळी जातात. सीसीडी सेन्सरचा जाडजूड स्कॅनर शोधावा. कडक झालेलं पुस्तक दाबून सपाट करू नये, पान तुटतं.

मोबाइलने काढावंच लागलं तर १२ मेगापिक्सेलच्या फोटोत ए४ पान पूर्ण भरलं तरी इंचाला ३४० च्या आसपासच पिक्सेल मिळतात, आणि स्कॅनर ॲप त्यातले आणखी घालवतं. साध्या कॅमेऱ्याने, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढावं. व्हॉट्सॲपवर 'एचडी' न निवडता फोटो म्हणून पाठवला की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, म्हणजे ए४ ला १३७. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. पेन ड्राइव्ह त्याहून बरा.

प्रेसला देण्याआधी

फाइलींना ००१, ००२ अशी तीन आकडी नावं द्यावीत. नुसतं १, २ ठेवलं तर काही ठिकाणी १ नंतर १० येतं. सगळी पानं एकाच मापाची असावीत. मजकूर एका पानावर वर आणि दुसऱ्यावर खाली असेल तर पानं उलटताना ओळी उड्या मारतात; स्कॅन टेलरच्या समासाच्या टप्प्यावर हे नीट करता येतं. शिवणीकडचा समास बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवावा. डेमी पुस्तकाचा फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला गठ्ठा, बहुधा १६ पानांचा असतो, तेव्हा पानांची संख्या त्या हिशेबात बसते का ते पाहून कोरी पानं कुठे घालायची ते आपणच ठरवावं. लहान प्रेस लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग काढून प्लेट करत असेल तर एक बिटाचं टिफ तिथेही सगळ्यात स्वच्छ उतरतं. डीटीपीमधून शेवटी पीडीएफ करणार असतील तर 'डाउनसॅम्पल' (पिक्सेल कमी करणं) आणि 'जेपीजी' हे दोन्ही पर्याय बंद ठेवायला सांगावं, नाहीतर इतकं करून पुन्हा पहिल्याच जागी.

मूळ मजकुराच्या हक्काचंही पाहून ठेवावं. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. गावातलीच मंडळी असतात, विचारलं तर आनंदाने लिहून देतात.

मग बारीक टायपाचं, फोटो असलेलं आणि सगळ्यात डागाळलेलं अशी तीन पानं निवडून, ज्या कागदावर पुस्तक छापायचं त्याच कागदावर १०० टक्के आकारात नमुना काढून घ्यावा. मूळ पान शेजारी ठेवून एकाने मोठ्याने वाचावं आणि दुसऱ्याने बोट ठेवून अनुस्वार तपासावेत. पाचशे प्रतींची ऑर्डर त्यानंतर. साफसफाईच्या आधीचे ग्रेस्केल किंवा रंगीत टिफ पुसून टाकू नयेत. एक संच वाचनालयाच्या हार्ड डिस्कवर, दुसरा गावाबाहेर कुणाकडे तरी ठेवावा, आणि मूळ प्रत पानं मोजून ज्याची त्याला परत करावी.